एक विहीर, दोन मोटा : संगणक-समूहांच्या सामाईक साठ्याविषयी

दोन भावांच्या वाटण्या झाल्या आणि विहीर मात्र सामाईक राहिली, म्हणजे पाण्याची पाळी ठरवावी लागते. पाळी ठरली नाही, तर विहीर तुडुंब भरलेली असूनही तंटे होतात. आणि पाळी कितीही चोख ठरली, तरी विहीर आटल्यावर दोघांचीही शेते एकाच वेळी सुकतात. मोठमोठ्या नोंदी सांभाळणाऱ्या संगणकांच्या बाबतीत आज नेमका हाच प्रश्न उभा राहतो. तो केवळ तज्ज्ञांचा आहे असे समजण्याचे कारण नाही. रेल्वेचे आरक्षण, बँकेतील ठेव, रुग्णालयातील नोंद, परीक्षेचा निकाल या सर्व गोष्टी त्याच्या उत्तरावर अवलंबून आहेत.

असे काम एकाच संगणकावर सोपविले, तर तो बिघडताच सारे व्यवहार थांबतात. म्हणून दोन किंवा अधिक संगणकांचा समूह करण्यात येतो; त्यालाच क्लस्टर म्हणतात. परंतु संगणक अनेक झाले तरी नोंदवही कोठे ठेवावयाची? एक पक्ष म्हणतो, नोंदवही एकच असावी आणि सर्वांनी ती वापरावी. डिजिटल इक्विपमेंट या अमेरिकन कंपनीने १९८३ साली पुढे आणलेली व्हॅक्सक्लस्टर ही रचना या मार्गाचे गाजलेले उदाहरण होय. दुसरा पक्ष म्हणतो, प्रत्येक संगणकाची स्मृती व तबकडी स्वतंत्र असावी आणि त्यांनी केवळ निरोपांची देवघेव करावी. बर्कली येथील मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ साली या दुसऱ्या मार्गाचा हिरिरीने पुरस्कार केला.

सामाईक साठ्याचा मोठा गुण असा की, त्यात सत्य एकच राहते. एक संगणक बंद पडला, तर दुसरा तीच वही उघडून काम पुढे चालवितो. खरी प्रत कोणती, हा वाद उद्भवत नाही. हा गुण लहान नव्हे. मात्र तो आपोआप मिळत नाही. गाडीत एकच शायिका शिल्लक आहे आणि दोन खिडक्यांवर दोन संगणक तिकिटे देत आहेत, अशी कल्पना करा. पहिला संगणक तबकडीवरील नोंद आपल्या स्मृतीत घेऊन तीत बदल करतो. तो बदल तबकडीवर उतरण्यापूर्वीच दुसऱ्याने जुनी नोंद वाचली, तर एकच शायिका दोघांना विकली जाईल. हे टाळण्यासाठी प्रत्येक नोंदीला कुलूप आणि त्या कुलपांचा हिशेब ठेवणारी व्यवस्था लागते. ओरॅकल कंपनीने २००१ साली आणलेल्या पद्धतीत बदललेली नोंद तबकडीच्या वाटेने न पाठविता एका संगणकाच्या स्मृतीतून थेट दुसऱ्याच्या स्मृतीत पाठविली जाते, ती याच कारणासाठी. सारांश, सामाईक तबकडी विकत घेता येते. पाळी मात्र बसवावी लागते.

येथे एक चूक वारंवार होते. साधी फाइलव्यवस्था आपणच तबकडीचे एकमेव मालक आहोत, असे गृहीत धरून चालते. अशी तबकडी दोन संगणकांनी एकाच वेळी लिहिण्यासाठी उघडली, तर थोड्याच अवधीत तिच्यावरील नोंदींचा चुथडा होतो. त्यासाठी समूहाकरिताच रचलेली फाइलव्यवस्था हवी, अथवा कोणत्याही क्षणी एकाच संगणकाला प्रवेश मिळेल असा बंदोबस्त हवा.

हा बंदोबस्त बोलण्याइतका सोपा नाही. दोन संगणकांमधील तार तुटली, म्हणजे दोघांनाही वाटते की दुसरा बंद पडला, आणि दोघेही मालक होऊन लिहू लागतात. यावर उपाय दोन. एक बहुमताचा : संगणक दोनच असतील, तर तिसरे मत अन्य ठिकाणी ठेवावे. दुसरा कुंपणाचा : ज्याच्या बाजूस बहुमत नाही, त्याचा साठ्यावरील अधिकार काढून घ्यावा, किंबहुना त्याचा वीजपुरवठाच तोडावा. हा उपाय क्रूर भासेल. परंतु बंद पडलेला संगणक पुन्हा सुरू करता येतो, दोघांनी मिळून बिघडविलेली वही सहसा दुरुस्त होत नाही.

याहून गंभीर आक्षेप विहिरीचाच आहे. संगणक दोन, तारा दोन, वीजपुरवठा दोन आणि साठा मात्र एक, अशी रचना पुष्कळदा ‘पूर्ण सुरक्षित’ म्हणून खपविली जाते. तो साठाच बिघडला, तर दोन्ही संगणक एकाच क्षणी निरुपयोगी ठरतात. साठ्याच्या आत अनेक तबकड्या असतात आणि एखादी गेली तरी काम चालते, हे खरे. तथापि चुकून पुसलेली नोंद सर्व तबकड्यांवरून एकदमच पुसली जाते. म्हणून सामाईक साठा ही जतन केलेली प्रत नव्हे.

अंतराचाही विचार करावयास हवा. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई व दिल्ली यांमधील हवाई अंतर सुमारे ११५० किलोमीटर. म्हणजे निरोपाच्या जाण्यायेण्यास किमान साडेअकरा मिलिसेकंद लागणारच. एकच कुलूप पाळीपाळीने तेथवर जाऊन यावयाचे असेल, तर सेकंदाला ८७ हून थोड्याही अधिक फेऱ्या होणार नाहीत. कितीही पैसा ओतला तरी हा नियम बदलत नाही. सामाईक साठा एका इमारतीत शोभतो. दोन शहरांत नव्हे.

मग प्रत्येकाची विहीर निराळीच असावी काय? तेही सरसकट खरे नाही. निराळ्या प्रती ठेवल्या, की त्या परस्परांशी जुळत्या ठेवण्याचा भार येतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये गिटहब या अमेरिकन सेवेच्या केंद्रांमधील संपर्क केवळ ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात दुसऱ्या किनाऱ्यावरील प्रतीने मुख्यत्व घेतले. दोन्हीकडे अशा नोंदी झाल्या की ज्या दुसऱ्या बाजूस नव्हत्या, आणि सेवा पूर्ववत् होण्यास २४ तासांहून अधिक काळ लागला. तंटा येथेही आहेच. फक्त तो पाळीचा नसून प्रतींचा आहे.

भारतीय रेल्वेच्या आरक्षणाचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. १९८५ साली दिल्लीत आरंभ झाल्यावर पुढे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद अशी पाच केंद्रे उभी राहिली आणि ती परस्परांशी जोडण्यात आली. गाड्यांच्या नोंदी केंद्रांत विभागलेल्या होत्या. खिडकी कोणत्याही गावी असो, विचारणा त्या गाडीच्या केंद्राकडे जाई. दूरच्या अंतरावर विभागणी आणि जवळच्या अंतरावर एकत्र काम, हा विवेक त्यात दिसतो.

तेव्हा विद्यापीठाने, नगरपालिकेने वा ग्रंथालयाने खरेदीपूर्वी तीन प्रश्न विचारावेत. साठाच बंद पडला, तर काय चालू राहील? दोन संगणकांची ताटातूट झाली, तर कोणी थांबावयाचे हे कोण ठरविणार? आणि निराळ्या जागी ठेवलेली प्रत परत उभी करून शेवटची केव्हा पाहिली? पहिल्या दोन प्रश्नांना स्पष्ट उत्तर असेल, तर एका इमारतीतील लहान समूहास सामाईक साठा खुशाल निवडावा. उत्तर नसेल, तर अधिक महागडा साठा घेऊन उणीव भरून निघणार नाही; त्यापेक्षा एक संगणक, एक स्वतंत्र प्रत आणि ती चालविता येणारा एक जाणता माणूस अधिक विश्वासाचा. तिसऱ्या प्रश्नातून मात्र कोणाचीही सुटका नाही. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. लोकांच्या नोंदी सांभाळणाऱ्यांनीही तेवढे शहाणपण दाखविले पाहिजे.