झडपेतला प्रवाह आणि खुली आज्ञावली

यांत्रिक हृदयझडप बसवलेल्या रुग्णाला रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. झडपेच्या अरुंद फटीतून रक्त जोरात जाते तिथे पेशींवर ताण येतो, काही फुटतात. रक्त घुटमळते तिथे गुठळी धरू शकते. म्हणून नवी झडप किंवा हृदयपंप माणसात बसवण्याआधी त्यातला प्रवाह प्रयोगशाळेत मोजतात.

या पद्धतीला ‘पार्टिकल इमेज व्हेलोसिमेट्री’ म्हणतात. रक्तातून आरपार दिसत नाही, म्हणून पारदर्शक नमुन्यातून बहुधा पाणी आणि ग्लिसरिनचे मिश्रण फिरवतात. त्यात सूक्ष्म कण सोडून लेसरच्या पातळ पट्ट्यात लागोपाठ दोन छायाचित्रे घेतात. संगणक छायाचित्राचे लहान चौकोन पाडून प्रत्येकातले कण किती सरकले हे शोधतो. त्या अंतराला वेळेने भागले की वेग मिळतो.

गणित सोपे, पण निवड अवघड. चौकोन मोठा घेतला, तर भिंतीलगत झपाट्याने बदलणारा वेग सरासरीत बुजतो. आणि पेशींवरचा ताण नेमका याच बदलावरून काढतात. विसंगत आकडे किती गाळायचे, हाही निर्णयच. छायाचित्रे तीच, पण उत्तरे दोन येऊ शकतात. आज्ञावली बंद असेल, तर हे निर्णय बाहेरच्याला पूर्णपणे तपासता येत नाहीत.

म्हणून खुल्या आज्ञावलींचे महत्त्व. ‘पीआयव्हीलॅब’ ही त्यांपैकी बहुपरिचित. तिच्यावरचा शोधनिबंध २०१४ मध्ये आला. ती मुळात मॅटलॅब या विकतच्या प्रणालीवर लिहिलेली आहे. ‘ओपनपीआयव्ही’ची पायथनमधली आवृत्ती मात्र पूर्ण मोफत चालते.

खुलेपणाचा फायदा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दाखवला. १२ मिलिमीटरवरून ४ मिलिमीटरपर्यंत अरुंद होणाऱ्या साध्या नळीतला प्रवाह तीन प्रयोगशाळांनी मोजला. तोच प्रवाह २८ गटांनी संगणकावर वर्तवला. नळी पुन्हा रुंद होते त्यापुढच्या भागात अनेकांचे अंदाज मोजमापापासून बरेच दूर गेले. ही मोजमापे सर्वांना खुली केल्यामुळे आज कुणीही आपली पद्धत त्यांवर घासून पाहू शकतो.

अर्थात, खुले म्हणजे आपोआप अचूक नव्हे. अननुभवी हातात मोफत आज्ञावलीही देखणे, पण चुकीचे चित्र काढते. प्रशिक्षण आणि पडताळणी यांना पर्याय नाही.

आपल्याकडे हा प्रश्न परका नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडलेली झडप १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेले रुग्ण आजही सरकारी रुग्णालयांत येतात आणि स्वस्त देशी उपकरणांची त्यांनाच सर्वाधिक गरज आहे. स्वस्ताईवर विश्वास बसायचा, तर पुरावा उघड हवा. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या उपकरण-संशोधनात मूळ छायाचित्रे, आज्ञावली आणि तिच्यातल्या निवडी जाहीर करण्याची अट घालावी. खरेदी समितीनेही दर आणि प्रमाणपत्राबरोबर हा तपशील मागावा. झडप निवडण्याची संधी रुग्णाला क्वचितच मिळते. निदान ती कशी तपासली, हे तज्ज्ञांना पाहता आले पाहिजे.