सर्पगंधा, सोमलता आणि हृदयाचे आकुंचन

मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचे रक्तदाबावरील कार्य 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडले, याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. त्याच द्रव्यावर पुढे प्राण्यांत झालेले प्रयोग मात्र आपल्या वाचनात क्वचितच येतात. ही उपेक्षा रुग्णास महाग पडू शकते.

हृदयातील मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरअ‍ॅड्रिनॅलिन साठविलेले असते. ते हृत्पेशींवरील बीटा रिसेप्टरला लागले की पेशीत कॅल्शियमचा प्रवेश वाढतो व आकुंचन जोरकस होते. सोमलतेतील एफेड्रिन काही अंशी स्वतः रिसेप्टरवर कार्य करते आणि बऱ्याच अंशी हा साठा मोकळा करते. सर्पगंधेतील रिसर्पिन नेमका तोच साठा रिता करते.

१९५८ साली बर्न व रँड यांनी रिसर्पिन दिलेल्या प्राण्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. साठ्यावर अवलंबून असणाऱ्या टायरामीनसारख्या द्रव्यांचा प्रभाव त्या प्राण्यांत लोपला होता. शिरेतून नॉरअ‍ॅड्रिनॅलिन दिल्यावर तो पुन्हा प्रकट झाला. तात्पर्य, रिसेप्टर कार्यक्षम होते, कोठार रिकामे होते.

प्रोप्रॅनोलॉलची गोष्ट निराळी. तेथे कोठार भरलेले असते, पण बीटा रिसेप्टरचे दार बंद असते. अशा रुग्णास सोमलता दिल्यास अल्फा रिसेप्टरवरील कार्य उरते व रक्तदाब वाढण्याचा संभव असतो. शिवाय प्रोप्रॅनोलॉल स्वतःच श्वासरोग बळावू शकते.

प्राण्यांतील निष्कर्ष मनुष्यास जसेच्या तसे लागू होत नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. परंतु तो सावधगिरी सोडण्यास आधार ठरत नाही. अमेरिकेत एफेड्रायुक्त पूरक आहारद्रव्यांवर २००४ साली बंदी आली, ती हृदयविकार व मृत्यूच्या तक्रारींनंतर. वजन घटविण्यासाठी वैद्याच्या सल्ल्यावाचून झालेला तो वापर होता. दोष द्रव्यापेक्षा अयुक्त योजनेचा अधिक, असे माझे मत आहे.

म्हणून वैद्यबंधूंना विनंती, की सोमलता वा सर्पगंधा लिहिण्यापूर्वी रुग्णाची चालू असलेली सर्व औषधे पाहावीत, नाडी व रक्तदाब नोंदवावा आणि ही दोन द्रव्ये एकत्र देणे टाळावे. औषधी विक्रेत्यांनीही सोमलता चूर्ण देताना एक प्रश्न अवश्य विचारावा: "रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी चालू आहे का?" 'वनस्पतीच आहे, अपाय कसला?' हे उत्तर आपल्या शास्त्रास शोभणारे नाही. मात्रा, काल व संयोग यांचा विचार करण्यास शास्त्रानेच आपणांस शिकविले आहे.