दुसरा गाल

एका गालावर मारली की दुसरा गाल पुढे करायचा, हे कुणी सांगितलं? परवा घरी गप्पा चालल्या होत्या तेव्हा सहज विचारलं. सगळ्यांचं एकच उत्तर, गांधीजींनी! 'लगे रहो मुन्नाभाई' (२००६) मध्येही मुन्ना ते बापूंच्याच नावावर पाळायला जातो. दुसरी थप्पड बसल्यावर मात्र समोरच्याला आडवा करतो. त्यापुढचं बापूंनी सांगितलंच नव्हतं म्हणे.

मूळ वचन येशूचं, मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातलं. लंडनला शिकत असताना (१८८८-९१) गांधीजींनी ते वाचलं आणि ते थेट मनाला भिडल्याचं आत्मचरित्रात लिहून ठेवलं. असो. नावाचा घोळ किरकोळ आहे, खरा घोळ अर्थाचा आहे. 'मार खा आणि गप्प बस' असाच हा उपदेश समजून काही लोक येशूला भाबडा ठरवतात आणि काही लोक दुसऱ्याला गप्प बसवायला त्याचा वापर करतात. मला या दुसऱ्यांचा जास्त राग येतो.

मी ख्रिस्ती नाही, धर्मशास्त्राचा अभ्यासकही नाही. पण मत्तयमध्ये नुसता गाल नाही, 'उजवा' गाल आहे, हे वाचताना माझ्याही कधी लक्षात आलं नव्हतं. समोर कुणीतरी उभं आहे अशी कल्पना करा (खरंच मारून बघू नका!). उजव्या हाताने सरळ थोबाडीत दिली तर ती त्याच्या डाव्या गालावर बसते. उजव्या गालावर मारायचं तर हात उलटा करावा लागतो. आणि उलट्या हाताची चपराक माणसाला त्याची पायरी दाखवण्यासाठी असते. साधारण इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या 'मिश्ना' या ज्यू ग्रंथात थपडेची भरपाई २०० झूझ, म्हणजे तेवढी चांदीची नाणी, सांगितली आहे. उलट्या हाताने मारली तर ४००! मार तेवढाच किंवा कमीच, पण अपमान दुप्पट. वॉल्टर विंक या अमेरिकन अभ्यासकाचं म्हणणं असं, की मार खाणाऱ्याने डावा गाल पुढे केला की मारणाऱ्याची पंचाईत होते. आता मारायचंच तर बरोबरीच्या माणसाला मारतात तसं मारावं लागेल.

हे सगळ्यांना पटत नाही. लूकने हीच गोष्ट सांगताना 'उजवा' हा शब्द घेतलेला नाही, तेव्हा एका शब्दावर एवढा इमला उभारावा का, ही शंका रास्तच आहे. मला ते पटलं लगेच पुढे येणाऱ्या दुसऱ्या मैलाच्या वचनामुळे. रोमन शिपाई वाटेत दिसेल त्याला वेठीला धरून ओझं वाहायला लावत. शिमोन कुरेनेकराला येशूचा क्रूस उचलायला लावला तो असाच. येशू म्हणतो, एक मैल नेलं तर दोन मैल जा. पहिला मैल शिपायाच्या हुकमाचा. दुसरा मात्र स्वतःच्या मर्जीचा.

आणि येशूने स्वतः काय केलं? हे मला वसईकडच्या एका ओळखीच्या बाईंमुळे कळलं. नवरा दारू पिऊन मारायचा. त्या माहेरी आल्या की घरातली वडीलधारी माणसं हेच वचन ऐकवून, सहन कर म्हणून परत पाठवायची. असं दोनदा झालं. तिसऱ्या वेळी त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय काढून वडिलांच्या पुढ्यात ठेवला. चौकशी चालू असताना तिथला एक शिपाई येशूच्या थोबाडीत मारतो. येशू दुसरा गाल पुढे करत नाही. मी चुकीचं बोललो असेन तर ते दाखवून दे, बरोबर बोललो असेन तर मारलंस का, असं त्यालाच विचारतो. हात उचलत नाही, पण गप्पही बसत नाही.

वडील बराच वेळ ते पान समोर घेऊन बसले होते म्हणे. मग त्यांच्या आईला हाक मारून म्हणाले, हिची बॅग आत ठेव.