जाळे तुटले, दोष ग्रहणाला

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सायप्रस बेटानजीक समुद्रात उभारलेला सामन मत्स्यसंवर्धनाचा प्रचंड पिंजरा १९ ऑगस्ट २०१७ रोजी मोडू लागला. आत सुमारे ३ लाख ५ हजार अटलांटिक सामन होते. सूर्यग्रहणाच्या सुमारास आलेल्या असाधारण भरतीमुळे हे घडले आणि चार-पाच हजार मासे गेले, असे मालक असलेल्या कूक अ‍ॅक्वाकल्चर या कॅनडातील कंपनीने जाहीर केले. भांडवली वृत्तसंस्थांनी ते जगभर पोचविले.

ग्रहण होते २१ ऑगस्टला, म्हणजे पिंजरा मोडू लागल्यानंतर दोन दिवसांनी. अमावास्येच्या आगेमागे उधाण येतेच, हे कोणत्याही कोळीवाड्यातले पोर सांगेल. त्या आठवड्यातील भरती विलक्षण नव्हती, असे नोंदी तपासणाऱ्या शास्त्रज्ञांनीही दाखवून दिले. त्याच पिंजऱ्याचे नांगर जुलै महिन्यातही ढळले होते. जानेवारी २०१८ मधील सरकारी चौकशी अहवालानुसार जाळ्यांवर शिंपले व अन्य सागरी जीव मिळून सुमारे ११० टनांचा भार साचला होता आणि देखभालीकडे दुर्लक्ष झाले होते. निसटलेले मासे होते २ लाख ४३ हजार ते २ लाख ६३ हजार. कंपनीने हे निष्कर्ष अमान्य केले.

वृत्तपत्रांनी येथे खोटे छापले, असे म्हणता येणार नाही. कंपनी तसे म्हणाली होती, हे खरेच. पक्षपात आहे तो पहिला शब्द कोणाचा, यात. मालकाचे निवेदन ही बातमी ठरते आणि सत्य पाच महिन्यांनी अहवालाच्या रूपाने येते, तेव्हा वाचकाच्या मनात ग्रहण पक्के बसलेले असते. काही स्थानिक वार्ताहरांनी चिकाटीने पाठपुरावा केला, हे मात्र मान्य केले पाहिजे.

भाषांतर हा व्यवसाय असल्याने क्रियापदांकडे लक्ष जातेच. तेल 'सांडते', पण मासे 'पळतात', जणू गुन्हा त्यांचाच!

याच्या उलट टोकालाही काही जण गेले. परक्या माशांचे आक्रमण झाले, आता रानटी सामनांचा वंश भ्रष्ट होणार, अशी ओरड झाली. वस्तुतः अटलांटिक व पॅसिफिक सामन यांच्या संकराचा संभव अत्यल्प आहे. प्युजेट साउंडमधील चिनूक सामन १९९९ सालीच संकटग्रस्त म्हणून नोंदला गेला होता, आणि त्यामागे धरणे, जंगलतोड व शहरांचा विस्तार ही कारणे होती. ती कोणत्याही एका कंपनीच्या माथी मारता येत नाहीत, म्हणूनच बहुधा मथळ्यात येत नाहीत.

या साऱ्या गदारोळात सुटलेले मासे पकडले कोणी? बहुतांश लमी या आदिवासी राष्ट्राच्या मच्छीमारांनी. त्यांच्यासह करारबद्ध आदिवासींचा निम्म्या मासळीवरील हक्क न्यायालयाने १९७४ मध्ये मान्य केला आहे. मार्च २०१८ मध्ये परजातीय माशांचे पिंजरे टप्प्याटप्प्याने बंद करणारा कायदा झाला, त्यासाठी झगडणाऱ्यांतही ते होते.