संगणकास वारा कीं पाणी ?

घरच्या संगणकास निववण्यासाठीं पंखा घ्यावा कीं पाण्याचें यंत्र, असा हट्टवाद हल्लीं पुष्कळ घरीं मुलें व पालक यांत चालतो. आमच्या मतें पंखाच बरा. वजनास वजन घेतलें असतां पाणी हवेच्या सुमारें चौपट उष्णता धरतें, हें खरें. परंतु तें ती केवळ वाहून नेतें, शेवटीं पंख्यानेंच ती खोलींतील हवेंत सोडावी लागते. मे महिन्यांत नागपुरास खोली ४० अंशांवर असेल, तर पाण्यानेंही संगणक त्याखालीं उतरणार नाहीं. (मौज अशी कीं, पंख्याच्या चांगल्या शीतकांतील तांब्याच्या नळ्यांतही बहुधा थोडें पाणी असतेंच, तें वाफ होऊन थंड टोकास जातें व निवून परत येतें.)

२५० वॉट खाणाऱ्या प्रोसेसरास पाणी शोभेल. अभ्यासाच्या ६५ वॉटच्या प्रोसेसरास तें कशाला? पंखा बिघडला तर नवा थोडक्या पैशांत मिळतो. पाण्याच्या बंदिस्त यंत्राचा पंप थांबला कीं बहुधा सारेंच नवें घ्यावें लागतें. वांचलेले पैसे मेमरी वाढविण्यास लावावे. धूळ मात्र नेमानें झाडावी, आणि तें काम, संगणक बंद करून, मुलांनींच करावें.