ओला टॉवेल कुणी वाळत घालायचा?



चातुर्मास जवळ आला की बस्तीच्या ओट्यावर नियमांच्या गोष्टी सुरू होतात. कुणी पालेभाज्या सोडतं, कुणी रात्रीचं पाणी सोडतं, कुणी एकाशन धरतं. यंदा मला एका अगदी साध्या वस्तूबद्दल लिहायचं आहे, अंघोळीनंतरच्या ओल्या टॉवेलबद्दल. ज्या घरात ओला टॉवेल वाळायला नीट जागा नाही, त्या घराच्या अहिंसेत एक फट राहिलेली असते असं माझं मत आहे. आणि ती फट रोज बुजवायचं काम त्या घरातली बाई एकटीच करत असते.

"आता टॉवेलातसुद्धा धर्म आणायचा का?" असं काहीजणी म्हणतील. मग पाण्याचं बघा. आपण पाणी दुहेरी फडक्यातून गाळतो. फडकं पिळत नाही, ते उलटं करून त्यावर गाळलेलं पाणी ओततो आणि जिवाणी जिथलं पाणी तिथे परत सोडतो. गाळलेलं पाणी ४८ मिनिटंच चालतं, मग पुन्हा गाळायचं, हे आपल्या लहान मुलींनाही पाठ असतं. एका फडक्याची एवढी काळजी घेणारे आपण, आणि त्याच घरात पलंगावर, खुर्चीच्या पाठीवर, दाराच्या मागे ओल्या टॉवेलाचा बोळा दुपारपर्यंत पडलेला असतो.

पावसाळ्यात अशा बोळ्याचं काय होतं ते आपण सगळ्या जाणतो. आधी कुबट वास येतो, मग कडेला काळे ठिपके पडतात. ही बुरशी आहे. आपल्या शास्त्रात बुरशी, शेवाळ ही साधारण वनस्पती मानली आहे, म्हणजे एकाच शरीरात अनंत जीव. बटाटा, कांदा ज्या कारणासाठी आपण सोडतो, तेच कारण इथे लागू पडतं. आणि ठिपके पडल्यावर आपण करतो काय? उकळतं पाणी, सोडा, ब्लीच. आधी जीव उत्पन्न होऊ द्यायचे आणि मग ते मारायचे. टॉवेल वेळेत वाळला असता तर यातलं काहीच करावं लागलं नसतं.

धर्म बाजूला ठेवला तरी दुसरं कारण आहेच. पावसाळ्यात गजकर्ण, नायटा घरात एकाला झाला की बाकीच्यांना होतो, त्यात ओलसर टॉवेल आणि एकमेकांचे टॉवेल वापरण्याचा मोठा वाटा असतो. जांघेतला नायटा संकोचापोटी महिनोन्‌महिने लपवून ठेवणाऱ्या बायका आपल्यातच आहेत.

आता मुद्द्याचं. टर्किश टॉवेल पावसाळ्यात ४८ मिनिटांत वाळणार नाही, हे मलाही माहीत आहे. मी मिनिटं मोजायला सांगत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेची व्याख्या करताना उमास्वामींनी प्रमादाला पहिलं स्थान दिलं आहे. नीट पसरून घातलेला टॉवेल हवाच दमट म्हणून उशिरा वाळला, तर तिथे आपला यत्न होता. गादीवर फेकलेला टॉवेल ओला राहिला, तर तो प्रमाद झाला. पाच समित्यांमध्ये आदान-निक्षेपण समिती आहे, वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहून, जपून उचलायची आणि ठेवायची. ती मुनिराजांसाठी आहे, पण त्यातला यत्नाचार आपल्या शक्तीप्रमाणे श्रावकानेही घ्यायचा असतो. टॉवेल हे तर रोज उचलायचं आणि रोज ठेवायचं.

पण हा यत्नाचार कुणाचा? बहुतेक घरांत अंघोळ करणारे पाच आणि टॉवेल उचलणारी एक. अहो ऑफिसला निघाले, मुलगा कॉलेजला गेला, सासऱ्यांचा खुर्चीवर राहिला, आणि ती एकटी खोलीखोलीतून टॉवेल गोळा करत फिरते. प्रमाद त्यांचा, यत्न तिचा. व्रत हे ज्याचं त्याने पाळायचं असतं. नवऱ्याचा उपवास बायकोने केला तर त्याची निर्जरा होत नाही, मग त्याचा यत्नाचार तिने केलेला कसा चालेल?

यावर "मुलांना वळण लावा" असं सांगितलं जातं. वळण हवंच. पण मी अनेक घरं पाहून सांगते, सांगून सांगून जे होत नाही ते जागा बदलली की बरंचसं होतं. टॉवेल वाळत घालायला तारेपर्यंत जाताना दोन खोल्या ओलांडायच्या, स्टुलावर चढायचं, दोरीने वरचे पाइप खाली घ्यायचे, एवढं करावं लागत असेल तर माणूस टॉवेल खुर्चीवरच टाकणार. म्हणून आधी व्यवस्था बदलूया.

सगळ्यात वाईट व्यवस्था म्हणजे खुंटी किंवा दाराचा हूक. तिथे टॉवेलाच्या सगळ्या घड्या एकावर एक पडतात, मधल्या भागाला वारा लागतच नाही. त्यातून हूक बाथरूमच्या आत असेल तर आधीच वाफेने भरलेल्या हवेत तो वाळणार कसा? त्यापेक्षा बरी एकेरी तार. पण तारेवर टॉवेल मधोमध टाकला की दोन्ही अर्धे एकमेकांना चिकटतात. बाहेरून हात लावला तर कोरडा वाटतो, आत ओल तशीच असते. तार बारीक असली तर जिथे दुमडतो तिथे जाड पट्टा शेवटपर्यंत ओला राहतो आणि वास तिथूनच सुरू होतो.

उपाय सोपा आहे. एका दांडीऐवजी दोन दांड्या, मध्ये चार ते सहा इंचांचं अंतर. टॉवेल दोन्ही दांड्यांवरून टाकायचा, म्हणजे तो छपरासारखा राहतो, दोन्ही बाजू एकमेकींना लागत नाहीत आणि मधून खालून वर हवा खेळते. स्टीलचा बोटभर जाड पाइप असला की घडीचा पट्टाही रुंद होतो. ज्यांच्याकडे छताला टांगलेले, दोरीने वरखाली होणारे सहा पाइप आहेत त्यांना काही विकत आणायचीही गरज नाही. एका टॉवेलाला शेजारचे दोन पाइप द्यायचे. सहा टॉवेल एका वेळी बसणार नाहीत, तीन बसतील, पण तिन्ही वाळतील. उंची भरपूर असेल तर टॉवेलाची आखूड बाजू दोन चिमट्यांनी लावून पूर्ण उभा सोडावा. एकच पदर राहतो, त्याहून लवकर वाळणं नाही.

दांडी भिंतीपासून निदान वीतभर पुढे असू द्या, नाहीतर भिंतीकडची बाजू ओली राहते आणि भिंतही ओल धरते. आजकाल फ्लॅटमध्ये ड्राय बाल्कनी म्हणून जी जागा मिळते तिथे वॉशिंग मशिन, सिलिंडर, बादल्या यांचीच गर्दी असते आणि समोर डक्ट. तिथे वारा नाही. त्यापेक्षा बेडरूमच्या खिडकीसमोरची जागा चांगली.

आणि उंची. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. आपल्या जुन्या घरांत दांडी आढ्याजवळ असायची आणि काठीने कपडे वर टाकायचे. सोवळ्याचे, चौक्याचे कपडे कुणाचा स्पर्श न होता वाळावेत म्हणून ते योग्यच होतं. चौका लावणाऱ्या घरांनी त्या कपड्यांची दांडी आजही वेगळी आणि उंच ठेवावी. पण रोजच्या टॉवेलाची दांडी खाली हवी. बाथरूममधून बाहेर पडल्यावर चार पावलांत हाताला लागेल अशी, आणि साधारण छातीच्या उंचीची. खांदा दुखणाऱ्या सासूबाईंना हात वर करावा लागणार नाही, आणि सात वर्षांच्या नातवासाठी त्याखाली अजून एक जोडी लावली की तोही "मला पोचत नाही" म्हणू शकणार नाही. प्रत्येकाची जागा ठरलेली असावी. कुणाची दांडी रिकामी आहे ते मग विचारावं लागत नाही, दिसतंच.

टॉवेल घालण्याआधी दांडीकडे एकदा पाहावं. मुंग्यांची रांग असते, कोळ्याचं जाळं असतं. मऊ कोरड्या फडक्याने अलगद बाजूला करावं. टॉवेलही फटकन झटकू नये, दोन्ही हातांनी ताणून पसरावा.

आता टॉवेलाविषयी थोडं. टर्किश टॉवेलाला दोन्ही बाजूंनी धाग्यांचे बारीक फासे असतात, ते पाणी धरून ठेवतात. म्हणूनच तो अंग छान टिपतो आणि म्हणूनच वाळायला वेळ घेतो. आपल्या सोलापूरच्या टॉवेलाला तर भौगोलिक मानांकन आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण आषाढ ते कार्तिक रोजच्या अंघोळीला साधा सुती पंचा पुरतो. पातळ विणीचा पंचा उघडीप असली की बघता बघता वाळतो, धुवायला पाणी कमी लागतं, पिळायला मनगट दुखत नाही. आपल्या आजोबांच्या खांद्यावर पंचा असायचा तो काही उगाच नाही.

"त्यापेक्षा प्रत्येकाला चार-चार टॉवेल घेऊन ठेवावेत," असंही सुचवलं जातं. परिग्रह-परिमाणाच्या दहा प्रकारांत कुप्य म्हणून कापडचोपड येतंच. माणशी दोन पुरेत, एक वापरात आणि एक धुतलेला. वाळवायची सोय नसलेल्या घरात जास्त टॉवेल म्हणजे जास्त ओले टॉवेल. विजेच्या ड्रायरचंही तसंच. घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल, आठ-आठ दिवस ऊन दिसत नसेल, तर वापरावा, त्यात मी कुणाला दोष देत नाही. पण जे काम खिडकीतला वारा फुकट करतो त्यासाठी रोज यंत्र लावणं मला पटत नाही.

दोन पाइप, चार ब्रॅकेट आणि सुताराचा अर्धा तास, एवढाच हा खर्च. घराला रंग देताना, मॉड्युलर किचन करताना आपण लाखांचा हिशेब मांडतो. त्यात ही दांडी कुणाच्या यादीत नसते, कारण यादी करणाऱ्याला टॉवेल कधी उचलावा लागलेला नसतो.

म्हणून यंदा चातुर्मासाचे नियम घेताना घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा आणि एक नियम सगळ्यांनी मिळून घ्या: माझा टॉवेल मी पसरून वाळत घालीन, आणि वाळला की मीच घडी करीन. अगदी लहान नियम आहे. उपवास न झेपणाऱ्या आजोबांना झेपेल, देवदर्शन चुकवणाऱ्या कॉलेजच्या मुलालाही झेपेल. मैत्रिणींनो, आपल्यालाही यात एक नियम घ्यावा लागेल, आणि तो मला जास्त अवघड वाटतो. दुसऱ्याचा टॉवेल पडलेला दिसला तर तो उचलायचा नाही, ज्याचा आहे त्याला हाक मारायची.

जय जिनेंद्र.