पायदुखी : अंदाज नको, निदान हवे

दिवसभर दुकानात उभे राहणारी व्यक्ती रात्री पायांना तेल चोळून घेते, वेदनाशामक गोळी घेते आणि सकाळी पुन्हा दुकान उघडते. व्यापारी कुटुंबांत पायदुखी हा आजार मानलाच जात नाही. तो धंद्याचाच एक भाग समजला जातो. जमाखर्चात फरक आला, तर मात्र हीच व्यक्ती चुकीची नोंद सापडेपर्यंत वही मिटत नाही. पायांच्या बाबतीतही हीच चिकाटी हवी. कारण पायदुखी हे अनेक आजारांचे एकच लक्षण आहे.

वेदना नेमकी कोठे आणि केव्हा होते, यावरून निदानाची दिशा ठरते. सकाळचे पहिले पाऊल टेकताच टाचेत कळ येते, थोडे चालल्यावर ती ओसरते आणि बराच वेळ उभे राहिल्यावर परतते, तेव्हा बहुधा टाचेपासून बोटांपर्यंत गेलेल्या तळपायाच्या जाड पट्ट्यावर ताण आलेला असतो. यालाच ‘प्लांटर फॅसायटिस’ म्हणतात. एक्स-रेमध्ये दिसणाऱ्या वाढलेल्या हाडाला अनेकदा दोष दिला जातो. परंतु वेदना नसलेल्या अनेकांच्या टाचेतही असे हाड आढळते. पोटरी व तळपाय ताणण्याचे व्यायाम आणि टाचेला आधार देणारी मऊ पादत्राणे यांनी बहुतेकांना काही महिन्यांत आराम पडतो.

अंगठ्याच्या मुळाशी असलेला सांधा एका रात्रीत लाल होऊन सुजला आणि चादरीचा स्पर्शही असह्य झाला, तर गाउटची शंका घ्यावी. मात्र ऐन दुखण्यात रक्तातील युरिक ॲसिड सामान्य येऊ शकते आणि ते वाढलेल्या प्रत्येकाला गाउट होतोच असेही नाही. केवळ त्या आकड्यावरून घरातील डाळी बंद करणे उचित नव्हे.

वर्षभर गादीवर बसून अचानक शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या चढल्या, तर पावलाच्या हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये तो पुष्कळदा दिसत नाही. एकाच बिंदूवर दाबल्यास दुखत असेल आणि चालताना वेदना वाढत असेल, तर पुन्हा तपासणी करावी.

तळपायांची आग, मुंग्या आणि बधिरता यांचे मूळ बहुधा मज्जातंतूंत असते. मधुमेह हे त्याचे प्रमुख कारण. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता हे दुसरे. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य आहारात नैसर्गिकरीत्या जवळजवळ नसते. दूध-दही कमी घेणाऱ्या शाकाहारी व्यक्तींनी, तसेच दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी त्याची तपासणी करून घ्यावी.

येथे सर्वांत मोठा धोका वेदनेचा नसून ती न जाणवण्याचा आहे. बधिर पायाला मंदिराच्या प्रांगणातील तापलेली फरशी किंवा रुतलेला खडा कळत नाही. दुर्लक्षित जखम चिघळून बोट किंवा पाऊल कापण्याची वेळ येते. म्हणून मधुमेही व्यक्तींनी रोज रात्री, विशेषतः अनवाणी चालल्यानंतर, तळपाय आरशात पाहावेत.

डॉक्टरांकडे जाताना नेहमीची पादत्राणे सोबत न्यावीत. त्यांच्या झिजेवरून चालण्याची पद्धत कळते. दुखणारी जागा एका बोटाने दाखवावी. वेदना कधी सुरू झाली, कशाने वाढते आणि कोणती औषधे चालू आहेत, हे सांगावे. दोन्ही पावले, चाल, पायातील नाडी व संवेदना पाहून मगच योग्य चाचण्या ठरतात. मधुमेहात वर्षातून किमान एकदा अशी तपासणी आवश्यक आहे.

इजेनंतर पायावर भार देता न येणे, एकाच पोटरीला सूज, तापासह लाली, काळे पडलेले बोट किंवा मधुमेहीच्या पायाची कोणतीही जखम दिसल्यास सणासुदीची गर्दी ओसरण्याची वाट पाहू नये. दुकान एक दिवस बंद राहिले, तर ते दुसऱ्या दिवशी उघडता येते. गमावलेले पाऊल परत मिळत नाही.